भांडी घासायलाही तास हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांमधल्या पाककलेच्या तासाबद्दल वर्तमानपत्रांत जे काही छापून येतं ते मी आवर्जून वाचतो, कारण माझं पोट त्यावरच चालतं. मुलांना शिस्त लागते, आत्मविश्वास येतो, भाज्या खायची सवय होते, असं सगळं त्यात असतं. सोबत उंच पांढरी टोपी घातलेल्या मुलांचा सजवलेल्या डिशबरोबर फोटो. त्या डिशसाठी वापरलेली पातेली कुठे गेली आणि ती कोणी घासली, असं विचारलेलं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. या पत्रात मला ते विचारायचं आहे, आणि शाळांची वेळापत्रकं बनवणाऱ्यांकडे एक मागणी करायची आहे. पाककलेला जोडतासिका द्या, म्हणजे दोन तासिका सलग. ४० मिनिटांची सुटी तासिका देणार असाल तर त्यापेक्षा ती गणिताला देऊन टाका, माझी तक्रार राहणार नाही.

मी आधी हॉटेलच्या किचनमध्ये होतो, नंतर शाळेत आलो. सहावी ते नववीची मुलं माझ्याकडे असतात.

४० मिनिटांचा हिशेब मांडून दाखवतो. वर्गात ३० मुलं, हात धुवायला नळ दोन. साबण लावून निदान २० सेकंद हात चोळायचे, मग धुवायचे, पुसायचे. एकेकाला अर्धा मिनिट धरलं तरी साडेसात मिनिटं तिथेच जातात. मग अ‍ॅप्रन, बांधायचे केस, काढून ठेवायच्या अंगठ्या आणि घड्याळं. मग मी एकदा करून दाखवणार, त्यात पाच-सात मिनिटं. राहिली जेमतेम पंचवीस. तेवढ्यात चिरायचं, शिजवायचं, चाखायचं, वाढून खायचं. घंटा होते तेव्हा सिंकमध्ये पातेल्यांचा ढीग असतो, ओट्यावर पिठाचे ओघळ असतात आणि दारात पुढच्या तासाच्या मॅडम येऊन उभ्या असतात. ‘सर, सोडताय ना माझी मुलं?’ मुलं दप्तरं उचलून पळतात. मागे मी आणि आमच्या मावशी. ‘सर, शिकतंय कोण आणि घासतंय कोण!’ असं त्या मला एकदा म्हणाल्या. याहून नेमकं मूल्यमापन आमच्या विषयाचं दुसऱ्या कोणी केलेलं मला माहीत नाही.

मुलं यायच्या आधी जे चालतं ते तर कोणाच्याच हिशेबात नसतं. सकाळी आल्यावर पहिल्यांदा दारं-खिडक्या उघडायच्या, विजेचं बटण त्यानंतर. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठून राहतो. मग फ्रिजचं तापमान पाहून वहीत लिहायचं. ५ अंशांच्या वर असेल तर आतलं दूध आणि अंडी आज वापरायची की नाही ते ठरवायचं. थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य दाखवतोय ना ते पाहायचं. पीठ, मीठ, लोणी गटागटाने वजन करून वाट्यांत काढून ठेवायचं, कारण वजनकाटा मुलांच्या हाती दिला की तो तास वजनकाट्याचाच होतो. (तोही एक तास मला घ्यायचाच आहे. पण वेगळा.) कोणाला शेंगदाणे चालत नाहीत, कोणाला तीळ, कोणाला दूध, कोणाला गहू, याचा तक्ता फळ्याशेजारी लावलेला असतो. ज्या दिवशी त्या मुलांचा तास, त्या दिवशी ते जिन्नस कपाटाबाहेरच येत नाहीत. ‘थोडंसं चालेल ना सर?’ या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर असतं.

आणि सुऱ्या. सुऱ्यांना नंबर आहेत, कपाटातल्या फळीवर प्रत्येकीची जागा आखलेली आहे, किल्ली माझ्या खिशात. तास संपला की सगळ्या जागा भरल्याशिवाय दार उघडत नाही. ‘मुलांच्या हातात बोथट सुऱ्या द्या’ असा सल्ला मला दर वर्षी कोणीतरी पालक देतात. त्यांची काळजी मी समजू शकतो, पण सल्ला उलटा आहे. बोथट सुरी गाजरावरून घसरते. ती घसरू नये म्हणून मूल जोर लावतं, आणि जोर लावलेली सुरी जिथे जाते तिथे बोट असतं. माझ्याकडे सुऱ्यांना धार असते. पहिले काही तास नुसती बोटं आत वळवून धरायची सवय, सुरीचं पातं बोटांच्या सांध्याला टेकवून चालवायचं. डावखुऱ्या मुलांना वेगळं उभं करतो. त्यांची आणि शेजाऱ्याची कोपरं एकमेकांना लागली की दोन्ही सुऱ्या हलतात.

कांदा चिरायला घेतला की वर्गाचं रडगाणं सुरू होतं, आणि कोणीतरी विचारतंच, डोळ्यांत पाणी का येतं? कांदा चिरताना त्याच्या पेशी फुटतात, एरवी वेगवेगळे राहणारे घटक एकमेकांत मिसळतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. त्यासाठी एक स्वतंत्र एन्झाइम लागतं, हे जपानमधल्या संशोधकांनी २००२ साली दाखवलं. धारदार सुरीने पेशी कमी चिरडतात, त्यामुळे झोंबतंही कमी. विज्ञानाचे सर म्हणतात की हा भाग त्यांच्या तासाला शिकवायला हवा. मी म्हणतो, घ्या, पण कांदे तुम्ही आणा.

आता मुख्य गोष्ट. आचेला आणि पिठाला घंटा ऐकू येत नाही. साधा व्हाइट सॉस घ्या: लोणी, पीठ, दूध. पिठातले स्टार्चचे कण साधारण ६० अंशांपासून पाणी ओढून फुगायला लागतात, पण सॉस खरा दाट होतो तो उकळीच्या जवळ. तिथवर मंद आचेवर सतत ढवळत राहावं लागतं. दाट झाल्यावरही पिठाचा कच्चा वास जाईपर्यंत आणखी काही मिनिटं. पाच मिनिटं उरलीत म्हटल्यावर मुलं काय करतात? आच मोठी. खालचं लागतं, वर गुठळ्या राहतात, आणि सॉस म्हणजे असंच काहीतरी असतं हे घेऊन मुलं घरी जातात. ब्रेडचं तर नावच नको. यीस्ट घातलेलं पीठ फुगायलाच तासभर लागतो, त्यानंतर भट्टी. सुट्या तासिकेत ब्रेड शिकवायचा तर मळलेलं पीठ मुलांच्या हाती देऊन ‘बाकीचं कल्पनेने करा’ म्हणावं लागेल.

म्हणून बऱ्याच शाळांनी सोपी वाट काढली: गॅसविना पाककृती. बिस्किटांवर क्रीम, काकडीची फुलं, टूथपिकवर द्राक्षं. दिसायला छान, धोका नाही, पातेलं नाही. त्यात वाईट काही नाही, सहावीच्या पहिल्या महिन्यात मीही करतो. पण तिथेच विषय थांबला तर आपण मुलांना ताट सजवायला शिकवलं, अन्न शिजवायला नाही.

भाजण्याचंच बघा. भाजलेल्या जागी गार वाहतं पाणी २० मिनिटं धरावं, असं प्रथमोपचारात सांगतात. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, लोणी तर नाहीच. म्हणजे कोणाच्या बोटाला चटका बसला तर अर्धी तासिका एक नळ त्याचा, आणि एक शिक्षक त्याच्याजवळ. उरलेल्या २९ जणांसमोर तोवर बर्नर पेटलेले. अशा वेळी मी सगळे बर्नर बंद करतो आणि तास तिथेच संपतो. जोडतासिकेत तो संपत नाही. अर्धा तास थांबून पुन्हा सुरू होतो, आणि चटका कसा बसला यावर बोलणंही होतं. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, झाकण आपल्या बाजूने उघडलं. वाफ दिसत नाही म्हणून तिची भीती वाटत नाही. आणि तेलाने पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद करून वर झाकण सरकवायचं आणि गार होईपर्यंत उचलायचं नाही, हे मी विझलेल्या बर्नरवर रिकाम्या कढईने पुन्हा पुन्हा करून घेतो. कंटाळवाणं असतं. मुलं जांभया देतात. देऊ देत.

आता सिंककडे येतो, कारण खरं पत्र त्याचंच आहे.

वर्षाच्या सुरुवातीला मी कामं वाटून देत नाही, नुसता बघत उभा राहतो. नवा वर्ग आला की दर वेळी तेच होतं. मुलगे बर्नरभोवती गोळा होतात, झारा कोणाच्या हातात यावरून ओढाताण होते. मुली चिरायला बसतात, आणि शेवटची पाच मिनिटं राहिली की कोणी न सांगता दोन-तीन मुली बाह्या सरसावून सिंकपाशी जातात. त्यांना कोणी पाठवलेलं नसतं. घरी पाहिलेलं असतं. मी पाळीचा तक्ता लावतो: या आठवड्यात आच कोणाची, चिरणं कोणाचं, घासणं कोणाचं. पण तक्ता पाळायला वेळ लागतो. ज्याने आयुष्यात पातेलं घासलेलं नाही तो दहा मिनिटं एकच पातेलं घासतो, पाणी उडवतो, तळ तसाच ठेवतो. त्याला ‘पुन्हा घास’ म्हणायला शिक्षकाकडे वेळ हवा. घंटा व्हायला आली की तो वेळ नसतो. मग ज्याला येतं त्याच्याकडे काम जातं, आणि येतं कोणाला ते मी वर सांगितलंच. घाईचा तास मुलींना सिंककडे ढकलतो. हे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही, पण आपण ते दर आठवड्याला शिकवतो आहोत.

हा विषय मुलींपुरता होता त्याला फार काळ लोटलेला नाही. जपानमध्ये गृहविज्ञान मुलग्यांनाही सक्तीचं झालं ते १९९३ साली कनिष्ठ माध्यमिक शाळांत आणि १९९४ साली उच्च माध्यमिक शाळांत. आणि ज्यांनी या विषयाला शास्त्राचा पाया दिला त्या एलेन स्वालो रिचर्ड्स मुळात रसायनशास्त्रज्ञ होत्या. अमेरिकेतल्या एमआयटीतून पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्री, १८७३ साली. पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासणं, घरातली हवा, सांडपाणी, स्वच्छतेचं रसायनशास्त्र हे त्यांचं क्षेत्र. केकवरच्या आयसिंगपर्यंत हा विषय कसा घरंगळत आला ते मला सांगता येणार नाही. पण सिंक त्याच्या मध्यभागी होतं.

भांडी घासण्यात शिकवण्यासारखं काय आहे, असं मला एका शिक्षक बैठकीत विचारलं गेलं. ऐका. अंड्याचं किंवा पिठाचं भांडं आधी गार पाण्याने धुवायचं. गरम पाणी घातलं तर अंडं भांड्यालाच शिजतं आणि पिठाची खळ होते. तुपकट भांड्याला मात्र गरम पाणी आणि साबण. क्रम ठरलेला: आधी काचेचे ग्लास, मग चमचे, मग ताटल्या, तेलकट कढई सगळ्यात शेवटी, नाहीतर तिचं तेल ग्लासला लागतं. फेसाच्या पाण्यात सुरी कधीही बुडवून ठेवायची नाही; पुढचा माणूस हात घालतो आणि फेसाखालचं पातं त्याला दिसत नाही. सुरी हातात धरून धुवायची, पुसायची, लगेच फळीवर. करपलेलं पातेलं तारेच्या घासणीने खरवडत बसण्यापेक्षा त्यात पाणी आणि खायचा सोडा घालून उकळायचं, मग करप सुटते. धुतलेलं भांडं ओल्या फडक्याने पुसलं तर फडक्यातलं सगळं भांड्याला लागतं; पालथं घालून निथळू द्यावं. कच्चं मांस ज्या बोर्डवर कापलं तो बोर्ड धुतल्याशिवाय त्यावर काकडी नाही, आणि माझ्याकडे तर दोघांचे बोर्डच वेगळ्या रंगांचे आहेत. यातलं किती आपल्याला येतं, हे त्या बैठकीतल्या मंडळींना मी उलट विचारलं नाही. चहाचे कप टेबलावर तसेच होते.

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं २००१ साली प्रसिद्ध केली. त्यातलं पहिलं सूत्र स्वच्छतेचं आहे, दुसरं कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवण्याचं. नीट शिजवण्याचा नंबर तिसरा लागतो. चौथं तापमानाचं. शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर, गार ठेवायचं तर ५ च्या खाली. या सूत्राशी सुट्या तासिकेचं सरळ भांडण आहे. खायला वेळ मिळाला नाही की मुलं गरम भात डब्यात भरतात, झाकण घट्ट लावतात, डबा दप्तरात, दप्तर संध्याकाळपर्यंत बाकाखाली. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवण्याने मरत नाहीत, आणि कोमट भातात त्यांची वाढ जोरात होते. त्यांनी तयार केलेलं एक विष तर पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून माझ्या वर्गातून भात बाहेर जात नाही. एकदा एका आजोबांनी शाळेत येऊन मला विचारलं, ‘नातवाने केलेलं आम्ही चाखायचंही नाही का?’ मी त्यांना पुढच्या तासाला वर्गातच बोलावलं. आले, नातवाच्या गटाबरोबर जेवले, आणि नातू ताटल्या घासत होता ते शेवटपर्यंत बघत उभे राहिले.

सगळेच पालक असे नसतात. ‘आम्ही घरी याला ग्लाससुद्धा उचलू देत नाही’ असं अभिमानाने सांगणारे भेटतात. ‘शेफ व्हायचंय त्याला, भांडी घासायची नाहीत’ असंही ऐकलं आहे. त्यांना मी हॉटेलमधली गोष्ट सांगतो. मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये कामाची जी उतरंड आजही चालते ती ऑग्युस्त एस्कॉफिए (१८४६–१९३५) या फ्रेंच शेफने बसवली. सॉसवाला वेगळा, भाजण्यावाला वेगळा, भाज्यांचा वेगळा. त्या व्यवस्थेत भांडी घासणाराही आहे. सॉसवाला सुट्टीवर गेला तर दुसरा कोणी निभावून नेतो. भांडी घासणारा आला नाही तर रात्रीच्या गर्दीत अर्ध्या तासात किचन बंद पडतं, कारण शिजवायला पातेलंच उरत नाही. माझ्याबरोबरच्या कितीतरी चांगल्या शेफांनी सुरुवात सिंकपाशी केली होती आणि ते लपवत नसत. नव्या माणसाला जोखताना आमचे मुख्य शेफ त्याने केलेला पदार्थ उशिरा चाखायचे, आधी त्याचा ओटा बघायचे. काम चालू असताना हातासरशी साफ करणारा आणि सगळं साठवून ठेवणारा, हा फरक पाच मिनिटांत कळतो.

तोच हिशेब मी गुणांना लावला आहे. प्रात्यक्षिकाच्या २५ गुणांत चवीला ५, पूर्वतयारीला ५, सुरी आणि आच सांभाळण्याला ५, आणि आवरण्याला १०. पहिल्या चाचणीनंतर गडबड होते. ‘सर, आमचं ऑम्लेट सगळ्यात भारी होतं, तरी आम्ही मागे?’ होतं, भारीच होतं. कडा न करपता आत मऊ राहिलेलं ऑम्लेट सातवीच्या गटाला जमणं ही थोडी गोष्ट नाही, आणि चवीचे पाचपैकी पाच मी त्यांना दिले. पॅन मात्र त्यांनी दुसऱ्या गटाच्या सिंकमध्ये सरकवून ठेवला होता. तेही मी पाहिलं होतं.

टीव्हीवरच्या स्पर्धांनी आमचं काम अवघड केलं आहे, हेही लिहायला हवं. तिथे घड्याळ उलटं धावतं, शेवटच्या दहा सेकंदांत हात वर होतात, आणि पुढच्या दृश्यात टेबल चकाचक. मुलांना वाटतं घाई म्हणजेच कौशल्य. चांगल्या किचनमध्ये घाई दिसत नाही, कारण तयारी आधी झालेली असते. आमच्या ४० मिनिटांच्या तासात मात्र टीव्हीसारखंच होतं, फक्त चकाचक टेबलाचं दृश्य मला आणि मावशींना करावं लागतं.

तेव्हा मागणी काय आहे ते स्पष्ट लिहितो. आठवड्याला दोन सुट्या तासिका देत असाल तर त्या जोडून एका दिवशी द्या. आठवड्याला एकच असेल तर पंधरवड्यातून एकदा जोडतासिका द्या. वर्षाची बेरीज तीच राहते, शिक्षक वाढवावा लागत नाही, खोली वाढवावी लागत नाही. वर्ग मोठा असेल तर दोन तुकड्या करा, म्हणजे एका बर्नरभोवती चारपेक्षा जास्त मुलं नकोत. तासाआधीची तयारी शिक्षकाच्या कार्यभारात धरा. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या मांडायला मदतनीस असतो, मग आमच्याकडे चाकू-सुऱ्या, गॅस आणि कच्ची अंडी असताना कोणी का नसावं? मावशींना वर्गातून काढून टाका असं मी म्हणत नाही. त्यांना मुलांच्या मागून भांडी घासायला न ठेवता मुलांवर नजर ठेवायला ठेवा. आमच्या मावशींना घासलेल्या पातेल्याची पारख माझ्यापेक्षा जास्त आहे, आणि मुलं त्यांना जास्त घाबरतात.

जोडतासिका दिवसात कुठे ठेवायची याबद्दलही एक विनंती. शेवटच्या दोन तासिका देऊ नका. त्या वेळी मुलांचं अर्धं लक्ष घरी जायच्या गाडीकडे असतं आणि आवरणं पुन्हा घाईचं होतं. मधल्या सुट्टीच्या आधीच्या दोन द्या. भांडी पालथी घालून, सुऱ्या मोजून, गॅस बंद करून मुलं केलेलं तिथेच बसून खातात, आणि कोणाचं आवरणं लांबलं तर ते सुट्टीत पुरं होतं. पुढच्या वर्षाची वेळापत्रकं सुट्ट्यांतच ठरतात, म्हणून हे पत्र त्याआधी छापलंत तर उपयोग होईल.

आपला,
एक पाककला शिक्षक